बागलकोटचे गणिती शिक्षक : व्यंकटेश बापूजी केतकर

विद्यार्थिमित्रांनो, वार्षिक अंकासाठी थोरांचे चरित्र लिहावयाचे म्हटले की प्रथम राजे, संत आणि देशभक्त डोळ्यांपुढे उभे राहतात. त्यांची चरित्रे तुम्ही क्रमिक पुस्तकांतून वाचलेली आहेत. यंदा आम्ही एका शाळामास्तरांची ओळख करून देण्याचे योजिले आहे. ते आपल्याच कर्नाटकात जन्मले, मराठी घरात वाढले, मुले शिकवून त्यांनी चरितार्थ चालविला आणि उरलेल्या वेळात आकाशस्थ ग्रहांचे असे गणित केले की, भारतीय ज्योतिर्गणिताचा इतिहास लिहिणाऱ्यास त्यांचे नाव टाळता येत नाही. त्यांचे नाव व्यंकटेश बापूजी केतकर. ज्ञानकोशकार म्हणून जे प्रसिद्ध आहेत ते श्रीधर व्यंकटेश केतकर निराळे. नावांच्या साम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो, म्हणून हे आरंभीच सांगून ठेवितो.

हे चरित्र निवडण्यास आणखी एक कारण घडले. आजकाल आपल्या भोवती एक नवल चालले आहे. ज्याने संगणकशास्त्राचा ओ की ठो शिकलेला नाही असा माणूस आपल्या कामापुरते सॉफ्टवेअर स्वतःच तयार करू लागला आहे. दुकानदार उधारीच्या हिशेबासाठी, कारकून निकालपत्रासाठी, दूधसंस्थेचा चिटणीस फॅटप्रमाणे दर काढण्यासाठी स्वतःच्या बुद्धीने तक्ते आणि आज्ञावल्या जुळवितो. अलीकडे तर साध्या भाषेत सांगितले असता यंत्रच आज्ञावली लिहून देते. हे बरे की वाईट, असे वरच्या वर्गांतील मुले आम्हांस विचारीत असतात. या प्रश्नावर व्याख्यान देण्यापेक्षा केतकरांचे आयुष्य पुढे ठेवावे, हे आम्हांस अधिक सोयीचे वाटले. त्यांच्या काळी संगणक नव्हता हे खरे. परंतु त्यांनी जे रचले ते दुसरे काय होते, हे पुढे दिसेल.

केतकरांचा जन्म इ. स. १८५४ मध्ये नरगुंद येथे झाला. वडिलांचे नाव बापूशास्त्री. केतकर हे आडनाव मूळचे कोकणातले, आणि नरगुंद हे कानडी मुलखातील एक लहानसे संस्थान. तेथील संस्थानिक भावे हे मराठी. व्यंकटेश चार वर्षांचा असताना, १८५८ मध्ये, नरगुंदचे बाबासाहेब भावे इंग्रजांविरुद्ध उठले. उठाव मोडला, बाबासाहेबांना बेळगावास फाशी देण्यात आले आणि संस्थान खालसा झाले. अशा पडझडीच्या गावी बालपण गेलेल्या मुलास राजाश्रय कोठून मिळणार? पूर्वी ज्योतिर्विदाला कोणीतरी राजा लागे. याच आपल्या गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, गादीवरून फिरोजशहा बहमनीने सुमारे १४०७ साली दौलताबादेजवळ वेधशाळा उभारण्यास आरंभ केला होता. पण ज्या विद्वानावर ते काम सोपविले होते तो मरण पावला आणि वेधशाळा अर्धवट राहिली. त्याहूनही मागे, नवव्या शतकात, आजच्या सेडम तालुक्यातील मळखेड येथे राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह रचिला. व्यंकटेशरावांच्या पाठीशी ना अमोघवर्ष होता ना फिरोजशहा. त्यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी धरली आणि घटप्रभेच्या काठी वसलेल्या बागलकोटच्या इंग्रजी शाळेत ते मुख्याध्यापक झाले.

आता त्यांच्या कामाचे स्वरूप समजावयाचे तर पंचांग कसे तयार होते हे थोडे पाहिले पाहिजे. कंटाळू नका, यात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकारापलीकडे फारसे काही नाही.

तिथी म्हणजे काय? आकाशात चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी पुरी झाली. तेव्हा तिथी काढण्यासाठी सूर्य व चंद्र अमुक दिवशी कोठे आहेत हे कळले पाहिजे. ते दररोज डोळ्यांनी पाहून ठरविणे शक्य नसते, पुढच्या वर्षीचे तर नाहीच. म्हणून जुन्या ज्योतिष्यांनी करणग्रंथ नावाचा प्रकार काढला. एक आरंभदिवस धरावयाचा, त्या दिवशी ग्रह कोठे होता तो आकडा नोंदून ठेवावयाचा, त्यानंतर किती दिवस गेले ते मोजावयाचे, त्यास ग्रहाच्या रोजच्या गतीने गुणावयाचे आणि मूळ आकड्यात मिळवावयाचे. ग्रह सदासर्वकाळ एकाच वेगाने चालत नाही, म्हणून शेवटी कोष्टकातून एक दुरुस्ती काढून ती अधिक किंवा उणी करावयाची. हे नियम श्लोकबद्ध असत. जोश्याने श्लोक पाठ करावे, पाटीवर आकडे मांडावे आणि पायरीपायरीने उत्तरापर्यंत जावे. नियमाचे कारण त्यास ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. संगणकाची आज्ञावली याहून निराळी नसते. येथे यंत्राच्या जागी जोशी होता, एवढेच.

महाराष्ट्रात आणि या आपल्या सीमाप्रदेशात शतकानुशतके चाललेला करणग्रंथ म्हणजे ग्रहलाघव. तो कोकणच्या किनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० या आरंभवर्षाचा रचिला. त्या वेळी तो अवघा तेरा वर्षांचा होता असे सांगतात. आम्ही घरी कोंकणी बोलणारे, त्यामुळे समुद्रकाठच्या या मुलाचे आम्हांस अंमळ अधिकच कौतुक आहे. त्याने त्रिकोणमितीतील जीवा वगैरे अवघड भाग गाळून गणित इतके सोपे केले की, सामान्य भिक्षुकासही ते जमू लागले. दिवसांची संख्या वाढत गेली तर गुणाकार अवजड होतात, म्हणून त्याने ४०१६ दिवसांचे, सुमारे अकरा वर्षांचे, एक चक्र कल्पिले आणि चक्रे वेगळी मोजून उरलेल्या थोड्या दिवसांचेच गणित करण्याची युक्ती काढली. ही सोय गावोगाव पोहोचली. परंतु सोयीबरोबर एक गोष्ट नकळत घडली. नियम इतके सुलभ झाले की, त्यांच्या मुळाशी असलेला सिद्धान्त शिकण्याची गरज पुष्कळांस वाटेनाशी झाली. आणि चंद्राच्या गतीत जे बारीक फरक पडतात त्यांपैकी काही मोठे फरक या गणितात मुळीच धरलेले नव्हते. त्यामुळे तिथी संपण्याची वेळ कधी कधी कित्येक घटका चुकत असे. जोश्याचा गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, उत्तर मात्र आकाशाशी जुळत नाही! श्लोक पाठ असणाऱ्याला चूक कोठे आहे हे शोधता येण्यासारखे नव्हते, कारण चूक त्याच्या पाटीवर नव्हतीच. ती श्लोकाच्या आत होती.

पुण्याचे प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय गणिताच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत प्रसिद्ध केली आणि पुढे त्यांवरून पटवर्धनी पंचांग निघू लागले, तेव्हा या प्रश्नाला प्रथमच जोराचा हात लागला. छत्रे हे मोठे विद्वान, आणि अध्यापन हाच त्यांचा व्यवसाय. केतकरांनी तोच धागा पुढे नेला, पण पुण्यापासून कितीतरी दूर, ग्रंथसंग्रह नाही, दुर्बीण नाही, चर्चेला सोबती नाही अशा गावी बसून.

शके १८१२, म्हणजे इ. स. १८९० च्या सुमारास त्यांनी ज्योतिर्गणित हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ग्रंथ संस्कृतात असल्यामुळे काशीच्या पंडितासही तो वाचता येणार होता आणि कांचीच्याही. आधार मात्र त्या वेळच्या अत्यंत नव्या युरोपीय गणिताचा होता. फ्रान्समधील लव्हेरिए यांनी ग्रहांची आणि जर्मनीतील हान्सेन यांनी चंद्राची जी प्रचंड कोष्टके केली होती, त्यांचे सार काढून केतकरांनी ते आपल्या पंचांगकारांच्या पद्धतीत बसविले. हे भाषांतर नव्हे. युरोपीय कोष्टके इंग्रजी तारखांनी चालतात, आपले गणित शकाने आणि तिथीने. त्यांचा आरंभबिंदू वसंतसंपात, आपला एक स्थिर तारा. प्रत्येक आकडा नव्या मापात आणावा लागतो. हजारो आकडे, प्रत्येक हाताने काढलेला, प्रत्येक पुन्हा ताडून पाहिलेला! शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर असले काम वर्षानुवर्षे करावयास कोणत्या जातीची चिकाटी लागत असेल, याची कल्पना आम्हा शिक्षकांस तरी सहज करता येते.

योगायोग पाहा. त्याच सुमारास भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही शाळाशिक्षकच होते, आणि केतकरांहून किंचित वडील. त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी केतकरांची नोंद घेतली आहे. वेधशाळेचा पगार यांपैकी एकालाही मिळत नव्हता.

व्यवसायाने ज्योतिषी नसणे हे केतकरांना एका अर्थी लाभाचेच झाले, असे आमचे मत आहे. ग्रीनिचच्या वेधशाळेतील पंडितास चंद्राचे स्थान विकलेच्या अंशापर्यंत हवे होते. बागलकोटच्या किंवा बिदरच्या जोश्याला तिथी किती घटका-पळांनी संपते हे हवे होते. जोश्याची अडचण कोठे येते, त्याला कोणता गुणाकार जड जातो, अधिक मास ठरविताना तो कोठे अडतो, हे ग्रीनिचला कधीच कळले नसते. ते कळावयास त्याच मुलखात राहणारा, त्याच ओटीवर बसणारा माणूस पाहिजे. म्हणूनच मोठ्या ज्योतिर्गणितानंतर केतकरांनी ग्रहलाघवाच्या धर्तीवर केतकी ग्रहगणित हा आटोपशीर ग्रंथ रचिला आणि तिथ्यादिकांसाठी वैजयंती रचिली. आज जो दुकानदार स्वतःचा हिशेबाचा तक्ता स्वतः बांधतो त्याचेही बळ हेच आहे. शहरातून विकत आणलेल्या सॉफ्टवेअरला त्याच्या गिऱ्हाइकाची पोळ्यानंतर फेडण्याची उधारी समजत नाही, त्याला समजते.

परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आमच्या माहितीतील एका शाळेत (नाव सांगण्याचे कारण नाही) निकालाचा एक्सेल तक्ता एका उत्साही गृहस्थांनी फार सुबक बांधला होता. वर्षाच्या मध्यास दोन मुली नव्याने दाखल झाल्या. त्यांची नावे यादीच्या तळाशी लिहिली गेली. पण क्रमांक लावण्याचे सूत्र जुन्या शेवटच्या ओळीपाशीच थांबत होते. तक्त्याने कोणतीही तक्रार केली नाही. निकाल लागला, पेढे वाटले गेले, आणि त्यांपैकी एका मुलीच्या आईने स्वतः बोटांवर गुण मोजले तेव्हा कळले की दुसरा क्रमांक तिच्या मुलीचा आहे.

हे केवळ खेड्यात घडते असे समजू नका. अमेरिकेतील राइनहार्ट आणि रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये राष्ट्रांच्या कर्जाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक देशांतील राज्यकर्त्यांनी खर्चात काटकसर करण्यासाठी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचा मूळ तक्ता मागवून तपासला, तेव्हा सरासरी काढताना सूत्राने पाच देश वगळल्याचे त्यास आढळले. निबंधात आणखीही काही दोष त्याने व त्याच्या शिक्षकांनी दाखविले. अर्थशास्त्रात ते दोघे पंडित होते. तक्ता बांधण्यात मात्र आपल्या त्या उत्साही गृहस्थांसारखेच हौशी. चुकीच्या तक्त्याचे उत्तरही बरोबर उत्तराइतक्याच स्वच्छ अक्षरांत छापले जाते, ही खरी अडचण आहे.

मग केतकरांचे गणित का टिकले? आमच्या समजुतीप्रमाणे याचे मर्म त्यांच्या पदवीत शोधण्यासारखे नाही. त्यांचे ग्रहगणित रोज तपासले जाण्यासारखे होते. इंग्लंडातून नॉटिकल अल्मनाक दरवर्षी प्रसिद्ध होत असे. तो नाविकांसाठी १७६७ पासून निघत आला होता. त्यातील ग्रहस्थिती एका बाजूस आणि आपल्या गणिताने आलेली दुसऱ्या बाजूस मांडली की फरक ताबडतोब दिसे. ग्रहणाचे गणित चुकले तर सारे गाव अंगणात उभे राहून ते पाही. ज्या माणसाला आपले उत्तर आकाशावर ताडून पाहता येते त्याला प्रमाणपत्र देणारा दुसरा कोण हवा? १९२३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने त्यांचा भारतीय व परदेशी कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वी ३१०२ पासून इ. स. २१०० पर्यंतच्या तारखा व तिथ्या त्यातील कोष्टकांनी जुळविता येतात. शिलालेखातील मिती इसवी तारखेत आणणाऱ्या इतिहाससंशोधकांच्या उपयोगाचे हे काम. तेही तपासता येण्यासारखेच: शिलालेखातील वार गणिताने आलेल्या वाराशी जुळला पाहिजे.

एका गोष्टीचा निकाल मात्र आकाशही देईना. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावयाचा? केतकरांचा पक्ष असा की, चित्रा हा तेजस्वी तारा बरोबर १८० अंशांवर मानून त्याच्या समोरचा बिंदू आरंभ धरावा. दुसरा पक्ष रेवती नक्षत्रातील एका अंधुक ताऱ्यापासून आरंभ करणारा. लोकमान्य टिळक त्या बाजूस होते. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर. चार अंश म्हणजे सूर्याच्या चार दिवसांची वाट, तेव्हा संक्रांत चार दिवसांनी हलते आणि एखाद्या वर्षी एका पंचांगात अधिक मास एक तर दुसऱ्यात दुसराच येतो. मग एका घरी गणपती बसतात तेव्हा शेजारच्या घरी अजून महिनाभर अवकाश असतो. येथे चूक-बरोबर असे काही नाही, सर्वांनी मिळून ठरविण्याची ही गोष्ट आहे. लोकमान्यांसारख्या पुरुषाच्या पक्षाविरुद्ध एका शाळामास्तराने आपले मत न सोडता मांडीत राहावे, याचे आम्हांस विशेष वाटते. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९५२ मध्ये डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २१ मार्च १९५६ या दिवशी अयनांश २३ अंश १५ कला असे ठरविले. हे मान चित्रापक्षाचेच होय. केतकर तोपर्यंत हयात नव्हते.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध आणि आमच्या मते सर्वांत विचार करण्यासारख्या घटनेकडे वळू.

१८४६ मध्ये लव्हेरिए यांनी केवळ कागदावरील गणिताने नेपच्यून कोठे आहे हे सांगितले आणि बर्लिनच्या वेधशाळेने तो त्याच भागात दुर्बिणीने पाहिला. गणिताचा एवढा मोठा विजय दुसरा नाही. तेव्हापासून नेपच्यूनच्याही पलीकडे काही आहे काय, हा ध्यास जगभरच्या गणितज्ञांस लागला. अमेरिकेत पर्सिव्हल लोवेल नावाच्या धनिक गृहस्थाने त्यासाठी आपल्या खर्चाने उभारलेली वेधशाळा कामाला लाविली. इकडे केतकरांपाशी होती ती पाटी. १९११ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या ज्योतिर्विज्ञान मंडळाच्या पत्रिकेत त्यांचा लेख आला. नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रह असावेत, असे त्यांनी त्यात मांडले होते. पृथ्वी आणि सूर्य यांचे अंतर एक मानले तर पहिला ग्रह ३८.९५ अंतरावर असून त्यास सूर्याभोवती फिरण्यास २४२.२८ वर्षे लागावीत. दुसरा त्याच्याही कितीतरी पलीकडे. पहिल्यास त्यांनी ब्रह्मा आणि दुसऱ्यास विष्णु अशी नावे दिली. बागलकोटच्या मास्तरांचा लेख पॅरिसला छापला जावा, हीच त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

त्यांची रीत लव्हेरिए यांच्या रीतीहून भिन्न होती. गुरूच्या चंद्रांपैकी आयो, युरोपा आणि गॅनिमीड या तिघांच्या फेऱ्यांत एक सुंदर प्रमाण आहे: आयोला सुमारे ४२ तास, युरोपाला ८५ आणि गॅनिमीडला १७२, म्हणजे जवळजवळ एकास दोन आणि दोनास चार. हे नाते फ्रेंच गणिती लाप्लास यांनी सिद्ध केले होते. तशाच प्रकारचे नाते युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्या पलीकडील ग्रहांतही असावे असे मानून केतकरांनी अंतरे आणि काळ काढले. ग्रह आकाशाच्या कोणत्या भागात शोधावा हे मात्र त्या आकड्यांवरून सांगता येत नव्हते.

एकोणीस वर्षे गेली. १८ फेब्रुवारी १९३० रोजी लोवेलच्या वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या चोवीस वर्षांच्या तरुणाने दोन छायाचित्रे ताडून पाहताना एक हलणारा ठिपका पकडला. हा कॅन्ससमधील शेतकऱ्याचा मुलगा; त्याने तोपर्यंत महाविद्यालयाची पायरीही चढलेली नव्हती, दुर्बिणी मात्र घरीच घडविल्या होत्या. १३ मार्च रोजी शोध जाहीर झाला आणि ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या एका मुलीने सुचविलेले प्लूटो हे नाव त्यास मिळाले. अंतर सुमारे ३९.५, एका फेरीस २४८ वर्षे. केतकरांचे आकडे शेजारी ठेवून पाहा: ३८.९५ आणि २४२.२८. शोधानंतर थोड्याच महिन्यांनी, १९३० सालीच, व्यंकटेशरावांचा अंत झाला. वयाची शहात्तरी त्यांनी गाठली होती.

येथे थांबलो असतो तर हे चरित्र फार गोड झाले असते, आणि पुष्कळ ठिकाणी ते येथेच थांबविलेले आढळते. प्लूटोचा शोध मुळात भारतीयाने लावला, असेही कोठे कोठे लिहितात. परंतु गणिताच्या माणसाचे चरित्र गणिताशी प्रामाणिक राहूनच लिहिले पाहिजे. १९७८ मध्ये प्लूटोचा चंद्र शारॉन सापडला आणि त्याच्या फेऱ्यांवरून प्लूटोचे वस्तुमान नीट मोजता आले. ते पृथ्वीच्या चारशेव्या भागाहूनही कमी, आपल्या चंद्राच्याही पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढे निघाले. लोवेल यांना तर पृथ्वीच्या कित्येक पट जड ग्रह हवा होता. म्हणजे ग्रह सापडला तो टॉम्बॉच्या चिकाटीने. लोवेलचे गणित निमित्तमात्र. केतकरांचेही तसेच म्हणावे लागते. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तितक्या वेळात प्लूटोच्या दोन होतात, एवढे नाते खरोखर आहे आणि त्या अर्थी अशी नाती शोधण्याची केतकरांची दृष्टी व्यर्थ नव्हती. पण त्यांनी हे आकडे नेमके कोणत्या पायऱ्यांनी काढले हे आज कोणासही नीट उलगडत नाही, आणि विष्णु तर सापडलाच नाही. एक आकडा जवळ आला, दुसरा रिकामा गेला. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय ज्योतिर्विज्ञान संघटनेने प्लूटोलाही ग्रहांच्या पंक्तीतून उठवून बटुग्रहांत बसविले.

ज्या हाताने ज्योतिर्गणिताचे हजारो आकडे निर्दोष उतरविले त्याच हाताने हे केले, हे ध्यानात घ्यावे. बुद्धी तीच, चिकाटी तीच. एका कामात आकाश दररोज उत्तर तपासून देत होते. दुसऱ्यात एकोणीस वर्षे तपासणारे कोणीच नव्हते, आणि आपल्या पायऱ्या कोणापुढे उघडून दाखवाव्या असा सहकारीही बागलकोटास नव्हता. यात त्यांच्या व्यवसायाचा दोष काढणे अन्यायाचे होईल. खुद्द लव्हेरिए, पॅरिसच्या वेधशाळेचे प्रमुख, त्यांनीही १८५९ नंतर बुधाच्या आतल्या बाजूस व्हल्कन नावाचा एक ग्रह असल्याचे गणिताने ठरविले होते. तो कधीच नव्हता. बुधाच्या गतीतील ज्या विसंगतीसाठी त्यांनी ग्रह कल्पिला तिचा उलगडा १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी निराळ्याच मार्गाने केला. नेपच्यून सापडला त्या पंडितासही व्हल्कनने चकविले, मग शाळामास्तरांस ब्रह्मा-विष्णूंनी चकविले यात नवल ते काय!

शिक्षक म्हणून एवढे मात्र आम्हांस सांगावेसे वाटते. तुमच्यापैकी जी मुले मोबाइलवर किंवा शाळेच्या संगणकावर स्वतःची आज्ञावली रचून आम्हांस दाखवावयास आणतात त्यांना आम्ही प्रथम पायऱ्या वाचून दाखवावयास सांगतो, आणि मग तेच उदाहरण हाताने सोडवावयास लावतो. यंत्राने लिहून दिलेली आज्ञावली असेल तर दोन उदाहरणे. मुले कुरकुरतात. कुरकुरू द्यावे.

व्यंकटेशरावांच्या ग्रंथांचे जुने छापील खंड आज ग्रंथालयांतून क्वचितच हाती लागतात. पण घरी जाऊन वडिलांच्या मोबाइलवरील पंचांग उघडून पाहा. आता तेथे ग्रहस्थिती काढणारी आज्ञावली अमेरिकेच्या अवकाशसंस्थेच्या कोष्टकांवर चालते आणि तिला क्षणभरही लागत नाही. अशा काही पंचांगांत मांडणी बदलण्याचा एक कोपरा असतो, त्यात अयनांश असा शब्द लिहिलेला असतो. तो उघडला की पर्यायांची यादी येते. बहुधा लाहिरी हे नाव सर्वांत वर दिसेल. लाहिरी हे त्या १९५२ च्या समितीचे चिटणीस. त्याच्याच शेजारी कंसात किंवा खालच्या ओळीत चित्रापक्ष असे लिहिलेले आढळेल.